विषारी म्हणजे नक्की काय? डोसवर ठरतं की पदार्थावर?

निळी_शाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून इथे विचारते, विज्ञानातलं किंवा मेडिकलमधलं कोणी असेल तर जरा सविस्तर सांगा प्लीज. आमच्या घरात यावरून रोज जुंपते. भाऊ म्हणतो जगात सगळंच विषारी आहे, पाणीसुद्धा, फक्त किती घेतलं एवढाच प्रश्न. वहिनी म्हणते केमिकल ते केमिकल, निसर्गातलं ते निसर्गातलं, त्यात डोसबिस काही नसतो. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. सगळंच विष असेल तर काही ठरावीक बाटल्यांवरच कवटीचं चित्र का असतं, मिठाच्या पुडीवर का नसतं?

दुसरं म्हणजे नेटवर कुठेही शोधा, "शरीराला अपाय करतो तो विषारी पदार्थ" एवढंच लिहिलेलं सापडतं. अहो पण अपाय करतो म्हणजे आत जाऊन करतो काय नेमकं? एक पदार्थ काही मिनिटांत जीव घेतो, दुसरा वीस वर्षांनी त्रास देतो, हे दोन्ही एकाच रांगेत कसे काय बसतात? आणि ते एलडी५० का काय असतं त्याचाही अर्थ कुणी नीट सांगेल का. शाळेतलं सायन्स सुटून खूप वर्षं झालीत, त्या हिशोबाने लिहा.

काचनळी

ताई, प्रश्न छान विचारलात. मी टॉक्सिकॉलॉजीच्या म्हणजे विषशास्त्राच्या लॅबमध्ये काम करतो त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

तुमच्या भावाचं म्हणणं पाचशे वर्षं जुनं आहे. पॅरासेल्सस नावाचा स्विस वैद्य होता, त्याने १५३८ मध्ये आपल्या टीकाकारांना उत्तर देताना लिहिलं की सगळ्याच गोष्टींत विष आहे, विषाशिवाय काहीच नाही, एखादी गोष्ट विष ठरते की नाही ते फक्त मात्रा ठरवते. पाण्याचं उदाहरणही खरंच आहे, मॅरेथॉन पळणारे लोक भसाभस नुसतं पाणी पीत राहिले की रक्तातलं सोडियम घसरतं, मेंदूला सूज येते आणि त्यात माणसं दगावलेली आहेत.

पण म्हणून मीठ आणि सायनाइड एका पंक्तीत बसत नाहीत, आणि इथेच एलडी५० उपयोगाला येतं. १९२७ मध्ये ट्रेव्हन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हे माप आणलं. प्राण्यांच्या एका गटाला एखादा पदार्थ दिला आणि त्यातले निम्मे मेले, तर जितक्या मात्रेला ते मेले तो आकडा म्हणजे एलडी५०, तो वजनाच्या दर किलोमागे सांगतात. उंदरांना तोंडावाटे दिलं तर मिठाचा आकडा किलोमागे साधारण ३ ग्रॅम, सोडियम सायनाइडचा ५-६ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाचशे पट फरक. बोट्युलिनम टॉक्सिन हे जिवाणूचं विष तर नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजावं लागतं. कवटीच्या चित्राचा जागतिक नियम याच आकड्यावर चालतो, तोंडावाटे किलोमागे ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर कवटी, त्याच्या वर गेलं की कवटी नाही. मीठ त्या रेषेच्या कितीतरी पलीकडे आहे म्हणून त्याच्या पुडीवर काही नसतं.

मात्र एलडी५० वर फार विसंबू नका. तो आकडा फक्त मरण मोजतो, तेही एकाच डोसनंतरचं आणि एकाच जातीच्या प्राण्यातलं. कुणाची किडनी गेली, कुणाला दिसेनासं झालं, कुणाला पुढे कॅन्सर झाला, यातलं काहीही त्यात उतरत नाही.

आता आत जाऊन करतो काय. बहुतेक विषं शरीरात जाऊन सगळीकडे नासधूस करत नाहीत, एखादी ठरावीक जागा धरतात. कार्बन मोनॉक्साइड घ्या, बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटर चालू ठेवला की होणारा वायू. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, मग ऑक्सिजनला बसायला जागाच उरत नाही. यातली भयंकर गोष्ट म्हणजे बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर त्या दोघांतला फरक ओळखू शकत नाही, त्यामुळे माणूस गुदमरतोय आणि मशीनवर आकडा मात्र ९८ असं होऊ शकतं. सायनाइडचं उलटं, रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो पण पेशीत तो वापरणारं जे शेवटचं एन्झाइम आहे त्यालाच सायनाइड जाऊन बसतं, म्हणजे दारात ऑक्सिजन उभा आणि पेशी उपाशी. त्यावरचा एक उतारा मला नेहमी थक्क करतो, हायड्रॉक्सोकोबालामिन नावाचं औषध शिरेतून देतात, ते सायनाइडला पकडतं आणि दोघांचं मिळून व्हिटॅमिन बी१२ तयार होतं, जे लघवीवाटे निघून जातं.

कीटकनाशकांमधली ऑरगॅनोफॉस्फेट आणखी वेगळी. नसेने स्नायूला निरोप दिला की तो निरोप पुसायला एक एन्झाइम असतं, ही औषधं ते एन्झाइमच बंद पाडतात, मग निरोप पुसलाच जात नाही, तोंडातून लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत पाणी भरल्यासारखं होऊन श्वास बंद. किड्याच्या नसेत जे एन्झाइम आहे तेच आपल्याही नसेत आहे म्हणून फवारणाऱ्या माणसालाही धोका.

आणि एक प्रकार असा की पदार्थ स्वतः फारसा वाईट नसतो, आपलं लिव्हरच त्याचं विष करतं. मिथेनॉल तसं आहे, त्याचं शरीरात फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते डोळ्याची नस जाळतं. पॅरासिटामॉल पण. नेहमीच्या डोसमध्ये त्यातला थोडासा भाग एका घातक रसायनात बदलतो आणि लिव्हरमधलं ग्लुटाथायोन ते लगेच निकामी करतं, पण ओव्हरडोस झाला की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि मग ते रसायन लिव्हरच्याच पेशी मारत सुटतं. पहिल्या दिवशी माणूस ठीक दिसतो, नुसती मळमळ, खरं काय ते दोन-तीन दिवसांनी कळतं, म्हणून चुकून जास्त गोळ्या गेल्या असतील तर "काही होत नाहीये" म्हणून घरी अजिबात थांबायचं नाही, पहिल्या आठ तासांत उतारा मिळाला तर लिव्हर जवळजवळ नक्की वाचतं.

शेपटीवाला_डॉक्टर

काचनळी यांनी झकास लिहिलंय. मी जनावरांचा डॉक्टर आहे म्हणून एक मोठी गोष्ट जोडतो, विषारी हा शब्द अर्धाच राहतो जोवर तुम्ही कुणासाठी ते सांगत नाही.

आत्ताच पॅरासिटामॉलचा विषय निघाला. मांजराच्या लिव्हरमध्ये ते औषध सुरक्षितपणे बाहेर काढायची यंत्रणा फारच तोकडी असते, एक गोळीसुद्धा तिला मारायला पुरते. मालक प्रेमापोटी देतात हो, ताप आहे वाटतंय म्हणून. माझ्या टेबलावर अशी मांजर येते तेव्हा मी आधी ओठ वर करून हिरड्या बघतो, गुलाबीच्या जागी मातकट तपकिरी झालेल्या असतात, चेहरा आणि पंजे सुजलेले, आणि रक्त काढलं तर सिरिंजमध्ये ते चॉकलेटच्या रंगाचं दिसतं, कारण हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरू न शकणाऱ्या रूपात गेलेलं असतं. कुत्र्याच्या पिसवांवरचं पर्मेथ्रिन मांजराला लावलं तरी तीच गत, झटके येतात, कुत्रा मात्र मजेत. उलट चॉकलेटमधलं थिओब्रोमिन माणूस पटकन पचवतो, कुत्र्याच्या अंगात ते कितीतरी जास्त वेळ राहतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं.

यातलं सगळ्यात जिव्हारी लागणारं उदाहरण गिधाडांचं. दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक जनावरांना सर्रास दिलं जायचं, गुरांना त्याने बरंच वाटायचं. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की थोडक्या दिवसांत त्यांच्या किडन्या बंद, पोट उघडून पाहिलं तर काळीज, लिव्हर, सगळ्यावर युरिक ॲसिडची पांढरी खडूसारखी पुटं. कारण सापडायला २००४ उजाडलं. तोवर भारतीय उपखंडातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम हा पर्याय आला, जो गिधाडांना चालतो. बघा, औषध तेच, गाईला उपचार आणि गिधाडाला मरण, आणि गाईवर कितीही टेस्ट केल्या असत्या तरी हे कळलं नसतं.

रात्रपाळी

वरच्या दोघांशीही सहमत पण मला त्या "डोस ठरवतो" वाल्या वाक्यावर थोडं भांडायचंय. ते वाक्य खरं आहे पण हल्ली ते लोकांना गप्प करायला वापरतात, थोडंसंच आहे ना मग काय होतंय. किती याच्याइतकंच केव्हा, कुठून आणि किती काळ हे पण महत्त्वाचं आहे आणि तेच नेमकं गाळलं जातं.

केव्हा. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये झोपेची सुरक्षित गोळी म्हणून बाजारात आली, मोठ्या माणसाने चुकून जास्त घेतली तरी सहसा मरायचा नाही, म्हणजे एलडी५० च्या हिशोबाने एकदम गरीब औषध. पण गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ या दिवसांत आईने घेतली की बाळाचे हातपाय घडतच नव्हते. त्या खिडकीत एक गोळीसुद्धा पुरायची. १९६१ मध्ये मागे घेईपर्यंत जगभर दहा हजारांच्या वर मुलं तशी जन्मली. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्यातल्या फ्रान्सिस केल्सी या बाईंनी कंपनीच्या दबावाला न जुमानता फाइल अडवून धरली, पुरावा अपुरा आहे म्हणून, त्यामुळे तिथली बरीच बाळं वाचली. अशा माणसांचे पुतळे उभारायला हवेत खरं तर. आणि शेपटीवाला डॉक्टर म्हणतात तेही इथे लागू, उंदरांच्या पिल्लांवर या गोळीचा तसा परिणाम होतच नाही.

कुठून. पारा बघा. जुन्या थर्मामीटरमधला चकाकता पारा चुकून गिळला तर बहुतेक सगळा तसाच शौचावाटे निघून जातो, पण तोच पारा सांडून त्याची वाफ हुंगली गेली तर जवळपास ८० टक्के फुफ्फुसातून रक्तात. आणि डायमिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचं संयुग म्हणजे तर कळसच. डार्टमथ कॉलेजच्या कॅरेन वेटरहान या केमिस्ट्रीच्या प्राध्यापक, विषारी धातूंच्याच तज्ज्ञ, ऑगस्ट १९९६ मध्ये काम करताना त्याचे एक-दोन थेंब हातमोज्यावर पडले. सगळी काळजी घेतलेली होती, हातमोजा लेटेक्सचा होता, तेव्हा तो पुरेसा समजला जायचा. नंतर टेस्ट केली तेव्हा कळलं की तो द्रव अशा हातमोज्यातून पंधरा सेकंदांच्या आत पार होतो. पुढचे काही महिने काहीच नाही. जानेवारीत चालताना तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं, जून १९९७ मध्ये त्या गेल्या. हे वाचल्यापासून मला "मी कित्येक वर्षं हाताळतोय, काही झालं नाही" हे वाक्य ऐकलं की काळजात चर्र होतं.

आणि किती काळ. नळ थेंब थेंब गळतोय आणि बादलीला खाली छोटं भोक आहे असं समजा, भोक थेंबांपेक्षा मोठं असेल तर बादली कधीच भरणार नाही, लहान असेल तर आज ना उद्या भरणारच, थेंब कितीही बारीक असू दे. शिसं हे त्या लहान भोकाचं उदाहरण. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं म्हणून हाडात साठवलं जातं आणि तिथे काही दशकं राहतं. रक्ततपासणीत मात्र गेल्या महिन्या-दोन महिन्यांचंच मुख्यतः दिसतं. बाई गरोदर राहिली की हाडातलं कॅल्शियम सुटतं आणि त्याच्याबरोबर तिच्या लहानपणी साठलेलं शिसंही बाळाकडे जातं. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी सापडलेली नाही असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. पेट्रोलमध्ये ते १९२० च्या दशकापासून घालत होते, शेवटच्या देशात, अल्जेरियात, ते बंद व्हायला २०२१ उजाडलं. म्हणजे जवळपास शंभर वर्षं हे "थोडंसंच" अख्ख्या जगाने हुंगलं.

ताईंनी विचारलं ना, पटकन मारणारं आणि वीस वर्षांनी त्रास देणारं एका रांगेत कसं, तर नियमातही ते एका रांगेत नाहीत. कवटी पहिल्यासाठी. दुसऱ्यासाठी वेगळं चित्र असतं, माणसाच्या छातीवर चांदणीसारखा फुटलेला आकार, म्हणजे कॅन्सर करू शकतो, गर्भाला धोका, एखादा अवयव हळूहळू खराब होतो वगैरे. कवटी नाही म्हणून बाटली साधी असं धरून चालू नका, ते दुसरं चित्र शोधा.

निळी_शाई

बापरे, खूप खूप धन्यवाद तिघांनाही, भावाला आणि वहिनीला दोघांनाही हे वाचायला दिलंय, वहिनीने गिधाडांचं दोनदा वाचलं. आता तिचा प्रश्न विचारते. इतकं सगळं असेल तर सुरक्षित मर्यादा वगैरे ठरवतात तरी कशी, आणि निसर्गातलं चांगलं यात काहीच तथ्य नाही का? शिवाय ती सकाळी कसलं तरी डिटॉक्सचं पेय घेते, त्याने असलं साठलेलं काही निघतं का?

काचनळी

वहिनींना सांगा प्रश्न अगदी रास्त आहे. प्राण्यांना वेगवेगळ्या मात्रा बराच काळ देऊन बघतात आणि ज्या मात्रेला काहीच वाईट परिणाम दिसला नाही ती सगळ्यात वरची मात्रा घेतात. मग तिला १०० ने भागतात, दहा यासाठी की माणूस उंदरापेक्षा नाजूक असू शकतो आणि आणखी दहा यासाठी की माणसामाणसांत फरक असतो, बाळ, म्हातारी माणसं, आधीच किडनी अधू असलेली. जे उरतं ते रोज आयुष्यभर घेतलं तरी चालेल असं मानतात. ढोबळ आहे हे, मान्य, पण दशकानुदशकं बरंच निभावलंय. जिथे अशी बिनधोक मात्राच सापडत नाही, शिशासारखं, किंवा डीएनएला थेट इजा करणारे काही पदार्थ, तिथे हा हिशोब लावत नाहीत, तिथे जमेल तितकं कमी करा एवढंच.

रात्रपाळी यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, डोस म्हणताना त्यात काळ धरलेलाच असायला हवा.

निसर्गाचं म्हणाल तर बोट्युलिनम टॉक्सिन, माणसाला माहीत असलेलं बहुधा सगळ्यात जहाल विष, ते एक जिवाणू तयार करतो, कुठल्याही कारखान्याची मदत न घेता. एरंडाच्या बीतलं रायसिन झाडाचं. धान्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन, ज्याने लिव्हरचा कॅन्सर होतो, तेही निसर्गाचंच, १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाख टर्की पक्षी पटापट मेले तेव्हा त्याचा छडा लागला. रेणू कुठून आला हे पेशीला कळत नाही. पण वहिनींच्या म्हणण्यात एक खरं आहे, जे पदार्थ आपण माणसांनी नव्याने बनवले त्यातले काही तोडायची यंत्रणा कुठल्याच जीवाकडे नीट नाही, डीडीटी हे कीटकनाशक चरबीत साठत जातं, लहान माशात थोडं, मोठ्या माशात जास्त, मासे खाणाऱ्या गरुडात त्याहून जास्त, आणि त्याच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवायला बसलेल्या आईच्या वजनानेच फुटायची. म्हणून अमेरिकेत १९७२ मध्ये ते बंद केलं.

पेयाने साठलेलं शिसं, पारा, डीडीटी यातलं काही निघत नाही. जे निघू शकतं ते लिव्हर आणि किडनी रोज काढतातच. शिसं खरंच जास्त झालं असेल तर ते पकडून बाहेर काढणारी औषधं आहेत, ती डॉक्टर रक्ततपासणी करून देतात, त्यांचे स्वतःचे साइड इफेक्ट्स असतात, आपल्या मनाने घ्यायची नाहीत. पेय चवीला आवडत असेल तर पिऊ द्या त्यांना.

कॅज्युअल्टी_सिस्टर

उशिरा आले धाग्यावर. इमर्जन्सीत नर्स आहे, बाकी शास्त्र वरच्या मंडळींनी सांगितलंच, मी फक्त घरच्यांकडून रोज जे होतं ते लिहिते.

कुणी काही गिळलं की बोटं घालून किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, मनापासून सांगते. टॉयलेट क्लीनरसारखं ॲसिड जाताना एकदा जाळतं आणि उलटीतून येताना पुन्हा जाळतं. रॉकेल पोटात फारसं करत नाही पण उलटी होताना फुफ्फुसात गेलं की न्यूमोनिया. मिठाचं पाणी तर लहान मुलाला स्वतःच विषासारखं, सोडियम चढून झटके येतात. अंगावर कीटकनाशक सांडलं असेल तर आधी कपडे काढा आणि साबणाने भरपूर धुवा, कारण ओल्या कपड्यातून ते आत जातच राहतं, तसंच गुंडाळून आणलेला पेशंट दारात पोचेपर्यंत आणखी बिघडलेला असतो. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटं. बंद खोलीत बेशुद्ध सापडला तर आधी दारं-खिडक्या उघडा, त्याला बाहेर ओढा, आणि स्वतः आत रेंगाळू नका, वाचवायला गेलेलाच दुसरा पेशंट होऊन येतो असं फार वेळा होतं.

ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र ओतू नका हेही सांगून ठेवते, दोन्हीचं मिळून क्लोरीन वायू होतो, बाथरूम छोटं असेल तर दोन मिनिटांत खोकून जीव घाबरा होतो.

आणि बाटली, पाकीट, गोळ्यांची रिकामी स्ट्रिप, जे असेल ते सोबत आणा हो. लोक घाईत फेकून येतात नाहीतर लाजेने लपवतात. उतारा कुठला द्यायचा ते त्या लेबलवरच्या बारीक अक्षरातल्या नावावरून ठरतं, "काहीतरी निळं औषध होतं" एवढ्यावर आम्हाला अंदाजच करत बसावं लागतं. किती वाजता घेतलं तेही आठवून सांगा, पॅरासिटामॉलमध्ये रक्तातला आकडा वाचायचा कसा हे पूर्ण त्या वेळेवरच अवलंबून असतं.